पिरिडीनचा वास

फैजपूरच्या कॉलेजात एकतीस वर्षं
मी बाटल्यांना लेबलं लावली.
डिंक, ब्रश, वरून मेणाचा हात,
कारण आम्लाची वाफ आधी शाई खाते,
मग कुणालाच सांगता येत नाही आत काय आहे.

पिरिडीनला लेबल लागत नसे.
बूच सैल झालं की अख्ख्या व्हरांड्याला कळायचं.
शिळी मासळी, त्यात थोडं रॉकेल,
त्यात कुणाचं तरी जुनं वैर.
घरी आलो की सुमन उंबऱ्यातच अडवायची,
"आंधी आंग धुवा, मंग घरात."
माझा शर्ट वेगळ्या दोरीवर वाळायचा.

वारके मॅडम फळ्यावर षटकोन काढायच्या.
पाच कोपऱ्यांत कार्बन, सहाव्यात नायट्रोजन.
"विषमवलयी," त्या म्हणायच्या,
आणि मागच्या बाकावरचा एखादा
"विष" एवढंच लिहून थांबायचा.

मी टेबल पुसत ऐकायचो.
पिरिडीनमधला नायट्रोजन दोन इलेक्ट्रॉन बाहेर ठेवतो,
ओट्यावर पाय सोडून बसलेल्या म्हाताऱ्यासारखे,
येणाऱ्याजाणाऱ्या प्रोटॉनला 'बस रे' म्हणायला.
पायरोलमध्ये तोच नायट्रोजन
तेच दोन कड्याच्या संसारात घालून बसतो,
दारी कुणी आलं तर हात रिकामे.
मॅडम असं म्हणाल्या नव्हत्या.
हे मी फडकं पिळताना जुळवलं.

एका डिसेंबरात फरफ्युराल संपलं,
मागणीपत्र जळगावात अडकलं.
"तायडे, तुमच्या वावरात पऱ्हाटी उभी असेल ना?"
मी सायकलला भारा बांधून आणला.
दुरसिंग बारेलानं विळ्यानं बोटबोटभर तुकडे केले.
पालच्या वरच्या पाड्यावरचं पोरगं,
वर्गात हजेरीपुरतं बोलायचं.
तुकडे आम्लात उकळले. अॅनिलिनमध्ये भिजवलेला कागद
त्यानं चिमट्यात धरला, वाफेवर नेला,
आणि कागद लाल झाला,
डाळिंबाचं फूल असतं तसा.
"मॅडम, पण हे तर आम्ही चुलीत घालतो!"
"मग चुलीतही हेच होत असणार," मॅडम म्हणाल्या.

उरलेला भारा त्याच संध्याकाळी
हॉस्टेलच्या मागे पेटवला.
बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी,
मिरच्या दुरसिंगनं दगडावर ठेचल्या.
साल करपली, धूर खाली आला,
मॅडम डोळे मिटून म्हणाल्या, "पायरेझिन.
एकाच कड्यात दोन नायट्रोजन, समोरासमोर."
पोरं हसली. मी पण.
वांग्याला मात्र एवढं मोठं नाव पेलत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात खोकला धरला.
रुमालावर लाल ठिपका,
आणि मला, खरं सांगतो, देव आठवला नाही,
आठवले चार पायरोल, मधोमध लोखंड धरून बसलेले.
यावलच्या दवाखान्यात सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.
पट्टी घेऊन मी मॅडमकडे गेलो.
त्यांनी चष्मा लावला, आयसोनिआझिड असं वाचलं,
पाकिटाच्या पाठीवर षटकोन काढला,
नायट्रोजनच्या अगदी समोरच्या कोपऱ्याला एक हात जोडला.
"ओळखलंत?"

ओळखलं.
गोळी नाकाशी धरली. काही नाही.
बाटलीत असताना ज्यानं व्हरांडा डोक्यावर घेतला
तो इथं चपला हातात घेऊन
माझ्या छातीत शिरत होता.

सहा महिन्यांनी वजन साडेचार किलोनं वाढलं.
दुरसिंगची चिठ्ठी आली, एमएस्सीला लागला होता,
कुठे ते अक्षर लागलं नाही.
मी सुमनला सगळं सांगितलं, कडं, कोपरा, जोडलेला हात.
तिनं भाकरी उलटली, शांतपणे ऐकलं.
मला वाटलं, आता ती दोरी सुटेल.

"गोळीले वास नाही," ती म्हणाली,
"शर्टाले आहे."